डालगं

या भावजी, आज उंबऱ्याच्या आत या.
बावन्न वर्षं पायरीवरच पाणी प्यालात,
तांब्या पालथा घालून निघून गेलात.
मला वाटायचं, मिलिटरीतल्या माणसाची शिस्त.

सोळा डिसेंबरला शाळेची पोरं बँड वाजवत येतात,
दगडावरचं नाव नव्यानं रंगवतात,
सरपंच बदलतो, भाषण तेच: छातीवर गोळी झेलली.
तुम्ही सगळ्यांच्या मागं, पिंपरणीखाली, टोपी हातात.
काल कळलं, टोपी हातात का ते.

पुन्हा सांगा. सावकाश.
घेवडा सोलायचाय, मला वेळ आहे.

नदीपल्याड घर. गवती छपराचं.
कडेला तागाची गंजी, गंजीआड मशीनगन.
तोफ तुमच्या शब्दावर होती.
बरं, मॉर्टर. मॉर्टर म्हणते.
वायरलेसवर एक आकडा बोलायचा,
की घर, गंजी, गन, सगळं भुईसपाट.
आमचे हे बांधाच्या अलीकडं चिखलात पालथे,
त्याच आकड्याची वाट बघत.

आणि दुर्बिणीत तुम्हाला बाई दिसली.
एवढ्या गोळ्यांत
वाकून, एका हातानं पदर धरून
कोंबडीची पिल्लं डालग्याखाली लोटत होती.

चाळीस मिनिटं आकडा तोंडात धरलात.
मागच्या दारानं माणसं तळ्यात उतरेपर्यंत.
अकरा मोजलीत म्हणता.
मग बोललात.
तोवर बांधावर जे व्हायचं ते झालेलं.

नियम आहे म्हणता. असेल.
पण तुम्हाला नियम कुठं आठवला होता,
तुम्हाला बाई दिसली.
दार लावलेलं असतं तर?
ती आत चुलीपाशी गप्प बसली असती,
पिल्लं पहाटेच झाकली असती तर?
न दिसलेलं माणूस माणूस असतं का, भावजी?

बोला की.

ही शेंग किडकी निघाली.

म्हणूनच केला असेल कुणीतरी नियम,
डोळा चुकतो त्या दिवसासाठी.

त्या साली रंजी माझ्या पोटात, सातवा महिना.
तार वाचायला पोस्टमन कचरत होता,
मीच म्हटलं, वाच बाबा, कोरा कागद तर नाही ना आला.
त्या अकरांत कुणी पोटुशी होती का?
माहीत नाही.
बघायचं होतं, दुर्बीण तुमच्याकडं होती.

तेव्हाच सांगितलं असतंत
तर तुमच्या दारात बसून शिव्या घातल्या असत्या,
तुमच्या बायकोदेखत, बोटं मोडून.
वर्षभर घातल्या असत्या. मग थकले असते.
तेवढा माझा हक्क होता,
तो तुम्ही पायरीवरच ठेवून जात राहिलात.
आता शिव्यांना दात राहिले नाहीत.

आणि अकराला एक, असा हिशेब इथं मांडू नका.
तराजू कोरेगावच्या पेठेत असतो, घेवड्याला.
बरोबर केलंत, हे माझ्या तोंडून निघायचं नाही.
वाट बघू नका.

पण आकडा आधी बोलला असतात,
हे घरी आले असते,
रंजीला खांद्यावर घेऊन वासनेच्या पाण्यात उतरले असते,
आणि कधीतरी मध्यरात्री
उठून बसले असते का अंथरुणात,
कोंबडी ओरडली म्हणून,
ते मला सांगता येत नाही.
बावन्न वर्षं विचारायला माणूसच नाही.

चहा निवला तुमचा.
ऊन गेलं जरंडेश्वराच्या मागं,
कोंबड्या आत घ्यायच्यात.
नको, तुम्ही उठू नका, गुडघे बघा आपले.
डालगं मी घालते.

तिचा पदर
कुठल्या हातात होता म्हणालात?